‘घरच्यांशी बोल’ हा सल्ला जिथे अडतो

आत्महत्या रोखण्याबद्दलचं कुठलंही पोस्टर बघा, शाळेतलं कुठलंही व्याख्यान ऐका. शेवटी एक वाक्य येतंच: मन मोकळं करा, घरच्यांशी बोला. बहुतेक मुलांसाठी हा सल्ला चांगलाच आहे. नापास झालेला मुलगा आईसमोर रडू शकतो. ती चिडेल, बोलेल, पण रात्री ताट वाढेल.

आता समजा, बार्शीत बारावीला असलेला एक मुलगा आहे. आपल्याला मुलगे आवडतात हे त्याला नववीपासून कळलंय. वर्गात पोरं ‘बायल्या’ म्हणून हाक मारतात, त्याची त्याने सवय करून घेतलीय. पण आज दुपारी मोठ्या भावाने त्याचा मोबाइल उघडून चॅट वाचलंय आणि ‘रात्री बाबांना दाखवतो’ असं सांगून तो बाहेर गेलाय. पोराच्या मनात मरणाचे विचार घोळताहेत. त्याला ‘घरच्यांशी बोल’ म्हणायचं, तर त्याला ज्यांची भीती वाटतेय त्यांच्याकडेच त्याला पाठवायचं.

समलिंगी, उभयलिंगी (स्त्री आणि पुरुष दोघांचीही ओढ वाटणारे), पारलिंगी (जन्मावेळी नोंदलेलं लिंग आपलं न वाटणारे), म्हणजे एकूण एलजीबीटीक्यू किंवा क्वीअर तरुणांसाठी संकटकाळातली मदत थोडी वेगळी का असावी लागते, याचं बरंचसं उत्तर या एका अडचणीत आहे. नेहमीच्या मदतीचा पहिला आधार कुटुंब असतो, आणि इथे तोच आधार आहे की नाही हे फोन उचलणाऱ्याला माहीत नसतं.

पुढे जाण्याआधी एक. हे तुम्ही स्वतःसाठी वाचत असाल आणि आत्ता मनात तसे विचार असतील, तर लेख नंतर वाचा. १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे. सरकारी, मोफत, चोवीस तास सुरू, मराठीत बोलता येतं, नाव सांगण्याची गरज नाही. वय अठराच्या आत असेल तर १०९८ हाही चालतो. जिवाला लगेचचा धोका असेल तर ११२.

धोका कुठून येतो

क्वीअर असणं हे आत्महत्येचं कारण नाही. ही ओळख आजार नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकतेबाबत १९९० साली मान्य केलं, आणि भारतातल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१८ मध्ये तसं जाहीरपणे सांगितलं. मग तरी या तरुणांमध्ये आत्महत्येचे विचार आणि प्रयत्न जास्त का दिसतात? इलान मेयर या अमेरिकी संशोधकाने याची उकल ‘अल्पसंख्य असण्याचा ताण’ अशी केली. सगळ्यांना असतात ते ताण यांनाही असतातच: परीक्षा, पैसा, प्रेम. त्याच्यावर एक जादा ओझं चोवीस तास असतं. चिडवणं, मारहाण, नकार हे त्यातलं बाहेरून दिसणारं. आत चाललेलं दिसत नाही: चाल सांभाळ, आवाज सांभाळ, आपल्यासारख्याच माणसांवरच्या विनोदाला सगळ्यांबरोबर हस.

मराठीत तर हे ओझं क्रियापदातच बसलेलं आहे. ‘काल एक जण भेटला’ की ‘एक जण भेटली’? आपलं माणूस कोण आहे हे लपवायचं तर मराठीत प्रत्येक वाक्यात खोटं बोलावं लागतं. पारलिंगी मुलीला ‘मी आले’ म्हणायचं असतं आणि घरात ‘मी आलो’ म्हणावं लागतं. दिवसातून कितीदा, ते मोजून बघा.

कुटुंबाचा वाटा किती मोठा, हे दाखवणारा एक अभ्यास कॅटलिन रायन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केला. सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या २२४ समलिंगी आणि उभयलिंगी तरुणांशी ते बोलले. ज्यांना किशोरवयात घरून खूप नकार मिळाला होता, त्यांच्यात आत्महत्येच्या प्रयत्नाचं प्रमाण, फारसा नकार न मिळालेल्यांच्या तुलनेत, ८.४ पट होतं. घाबरवण्यासाठी हा आकडा सांगत नाही. त्याची दुसरी बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते: धोका घरच्या वागण्याप्रमाणे बदलतो, म्हणजे वागणं बदललं तर तोही बदलू शकतो. अमेरिकेतल्या ट्रेव्हर प्रोजेक्ट या संस्थेच्या पाहणीत असं दिसलं की आयुष्यात निदान एक तरी मोठं माणूस आपल्याला स्वीकारतं, असं सांगणाऱ्या तरुणांमध्ये गेल्या वर्षभरातल्या प्रयत्नांचं प्रमाण ४० टक्क्यांनी कमी होतं. एक माणूस. आईवडीलच असायला हवेत असंही नाही.

आपल्याकडे नेमकं चित्र काय, हे सांगायला सरकारी आकडे फारसे कामाला येत नाहीत. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात १,७०,९२४ आत्महत्या आहेत, त्यातल्या २२,७४६ महाराष्ट्रातल्या, देशात सर्वाधिक. तृतीयपंथी म्हणून नोंदलेल्या किती? २८. कोण समलिंगी होतं याचा तर रकानाच नाही. मेलेल्या मुलाबद्दल पोलिसांना माहिती देतात घरचेच, आणि घरच्यांना एक तर माहीत नसतं किंवा माहीत असलेलं सांगायचं नसतं. कारणांमध्ये सगळ्यात मोठा रकाना आहे ‘कौटुंबिक समस्या’. त्या दोन शब्दांखाली काय काय दडलंय, कोण सांगणार?

फोनवर नेमकं काय होतं

वर आलेल्या ट्रेव्हर प्रोजेक्टचा जन्मच या गरजेतून झाला. १९९८ मध्ये एका समलिंगी किशोरवयीन मुलावरचा लघुपट अमेरिकेत टीव्हीवर दाखवायचा होता. करणाऱ्यांना वाटलं, हे बघून एखादं मूल अस्वस्थ झालं तर पडद्यावर कुठला नंबर द्यायचा? शोधलं, तर अशा मुलांसाठीचा देशपातळीवरचा नंबरच नव्हता. म्हणून त्यांनीच सुरू केला. आज तिथे फोनबरोबर चॅट आणि मेसेजही आहेत.

चॅट ही चैन वाटेल, पण दहा बाय बाराच्या खोलीत चौघांत राहणाऱ्या मुलीला विचारा. ती फोनवर बोलणार कुठे? संडासात नळ सोडून? म्हणून जाणकार समुपदेशकाचा पहिला प्रश्न ‘काय झालं’ असा नसतो. तो विचारतो, ‘आत्ता बोलायला सुरक्षित आहे ना? कोणी ऐकतंय का?’ ऐकत असेल तर फक्त हो-नाही उत्तरं येतील असे प्रश्न तो विचारतो.

दुसरी गोष्ट संबोधनाची. आवाजावरून ‘दादा’, ‘ताई’ करायचं नाही. मराठीत याला एक सुंदर वाट आहे. ‘कधी आलास’ आणि ‘कधी आलीस’ यात लिंग येतं, पण ‘कधी आलात’ यात येत नाही. तेव्हा आधी ‘तुम्ही’ने सुरुवात करायची आणि विचारायचं, ‘तुम्हाला कसं बोललेलं आवडेल?’ समोरचं माणूस स्वतःबद्दल ‘मी थकले’ म्हणालं की आपणही ‘थकलीस’ म्हणायचं. आयुष्यात पहिल्यांदा कुणी तरी बरोबर क्रियापद वापरलं, याचा पारलिंगी मुलीवर काय परिणाम होत असेल, याची कल्पना बाहेरच्या माणसाला सहज येणार नाही.

मग ऐकणं. यात काय विचारायचं नाही याला फार महत्त्व आहे. ‘तुला खात्री आहे का?’, ‘हे कशामुळे झालं?’, ‘कुणी लहानपणी काही केलं होतं का?’ हे प्रश्न संकटातल्या मुलाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतात. तासभर बोलून त्यातली चाळीस मिनिटं समोरच्याला ‘समलिंगी म्हणजे काय’ समजावण्यात गेली, असा अनुभव आला की मूल पुन्हा फोन करत नाही.

त्यानंतरचा प्रश्न सरळ असतो, आणि नवख्या माणसाला तो तोंडातून काढणं सगळ्यात जड जातं: ‘जीव द्यावा असं मनात येतंय का?’ असं विचारल्याने डोक्यात नसलेला विचार शिरेल ही भीती आपल्याकडे खोलवर आहे. अभ्यासांत ती खरी ठरलेली नाही. उलट बहुतेकांना सुटल्यासारखं वाटतं, कारण जे उच्चारता येत नव्हतं ते दुसऱ्याने न घाबरता उच्चारलेलं असतं. उत्तर ‘हो’ आलं तर धोका किती जवळ आहे ते बघायचं: नुसता विचार आहे की काही ठरवलंय, कधीचं ठरवलंय, हाताशी काय आहे, आधी कधी प्रयत्न झालाय का.

पुढचं काम आजच्या रात्रीचं. मरणाची तीव्र ओढ बहुधा लाटेसारखी येते, चढते आणि उतरते. ती उतरेपर्यंतचे तास काढायचे असतात. त्यासाठी बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी ‘सुरक्षा आराखडा’ नावाचं साधं साधन तयार केलं, आणि आज ते जगभर वापरतात. लाट येतेय हे मला कशावरून कळतं, तेव्हा मी एकट्याने काय करू शकतो, कुठल्या जागी, कुणाजवळ गेलं तर मन दुसरीकडे वळतं, मदत कुणाकडे मागू शकतो, डॉक्टर-समुपदेशक कोण, आणि धोक्याच्या वस्तू आजूबाजूला नसतील याची सोय कशी करायची. सगळं त्या मुलाच्या शब्दांत, त्याच्याकडूनच काढून घ्यायचं.

बार्शीच्या मुलाचं गाडं चौथ्या प्रश्नावर अडतं. ‘मदत कुणाकडे मागशील?’ ‘कुणाकडेच नाही.’ क्वीअर मुलांबरोबर काम करण्याचं कसब इथे दिसतं. घाई न करता शोधायचं. वर्गातली एखादी मैत्रीण? पुण्यात शिकणारी मामेबहीण? ती काय म्हणेल असं वाटतं? तिला सगळं सांगायलाच पाहिजे असं नाही. ‘आज रात्री बोलत राहशील का’ एवढंच विचारलं तर? आणि ज्यांची नावं यादीत घ्यायची नाहीत तीही ठरवायची. भाऊ आज रात्री खरंच बाबांना सांगेल का, सांगितलं तर मारहाण होईल का, तेव्हा कुठे जाता येईल? हे प्रश्न सामान्य आराखड्यात नसतात. कागद कुठे ठेवायचा हाही प्रश्न असतो, कारण वही तपासली जाते. मग नंबर ‘केमिस्ट्री क्लास’ या नावाने ठेवायचा.

गोपनीयतेबद्दल खरं सांगायला हवं. जीव लगेच जाण्याची वेळ आली तर चांगली सेवा गुपित बाजूला ठेवते आणि मदत पाठवते. लैंगिक अत्याचाराची घटना अठरा वर्षांखालच्या व्यक्तीबाबत असेल तर पोक्सो कायद्याने ती कळवणं बंधनकारक आहे. हे नियम सुरुवातीलाच सांगितले तर विश्वास टिकतो. मात्र दारात पोलीस आले की शेजारीपाजारी जमतात, ‘काय झालं’ विचारतात, आणि जे लपवण्यासाठी मूल धडपडत होतं ते उघडं पडतं. म्हणून शहाणे समुपदेशक त्या मुलाच्या संमतीने होणारे सगळे मार्ग आधी वापरतात आणि हा उपाय अगदी शेवटी.

आपल्याकडे काय आहे

टेली-मानस १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालं. त्याचं देशपातळीवरचं प्रमुख केंद्र बंगळुरूची निम्हान्स ही मानसिक आरोग्य संस्था आहे. राज्यातल्या केंद्रात समुपदेशक फोन उचलतात, गरज पडली तर जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाकडे किंवा वैद्यकीय महाविद्यालयाकडे पाठवतात. एवढ्या मोठ्या देशात चोवीस तास मोफत नंबर असणं ही मोठी गोष्ट आहे. पण तो सगळ्यांसाठीचा नंबर आहे. फोन उचलणाऱ्याला क्वीअर आयुष्याची जाण असेल की नाही, हे त्या दिवशी कोण बसलंय यावर राहतं. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची ‘आयकॉल’ ही समुपदेशन सेवा या विषयाच्या जाणिवेसाठी ओळखली जाते. मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्ह २०१९ पासून समुपदेशकांना क्वीअर-स्नेही पद्धतीचं प्रशिक्षण देते, आणि शिकवणारे स्वतः क्वीअर समुपदेशक असतात. मुंबईत हमसफर ट्रस्ट ही क्वीअर लोकांसाठी काम करणारी संस्था १९९४ पासून आहे. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट सुरू केला आणि या विषयावर मराठीत सातत्याने लिहिलं. ते मराठीत लिहिलं गेलं हे मला फार मोलाचं वाटतं, कारण लातूर-परभणीच्या मुलाकडे स्वतःसाठी शब्द म्हणून एरवी फक्त शिव्याच असतात.

कायद्याची बाजू आपल्याला वाटते त्याहून भक्कम आहे, फक्त माहीत नसते. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो की लैंगिक कल किंवा लिंगभावावरून उपचारात भेदभाव करता येणार नाही, आणि समाजाच्या नैतिक-सांस्कृतिक चौकटीत बसत नाही म्हणून कुणाला मनोरुग्ण ठरवता येणार नाही. याच कायद्याच्या ११५ व्या कलमाने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं गृहीत धरलं आणि तिची काळजी घेण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं कलम ३०९ तर १ जुलै २०२४ पासून नव्या न्याय संहितेत उरलेलंच नाही. तेव्हा ‘पोलीस केस होईल’ या भीतीने दवाखाना टाळू नये.

मानसिक आरोग्य सेवा कायद्यातली सगळ्यात कामाची तरतूद मात्र चौदाव्या कलमात आहे, आणि ती मी भेटेल त्याला सांगत असतो. अठरा वर्षं पूर्ण झालेली कुणीही व्यक्ती आपला ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ नेमू शकते. मानसिक आजाराच्या काळात उपचाराचे निर्णय घ्यायला मदत करणारं हे माणूस. साध्या कागदावर लिहून सही केली की झालं. त्या माणसाचीही लेखी संमती लागते. तो भाऊ किंवा बापच असला पाहिजे असं कायदा म्हणत नाही. मैत्रीण, जोडीदार, विश्वासू शिक्षक, कुणीही सज्ञान माणूस चालतं. घरच्यांनी जबरदस्तीने ‘बरं करून’ घ्यायला नेण्याची भीती ज्यांना आहे, त्यांच्यासाठी हा एक कागद फार मोठा आहे.

कारण ‘बरं करणं’ अजून चालू आहे. देवऋषी, औषधं, ‘लग्न लावून द्या, सुटेल’ हे सगळं. लग्नाने तर दुसऱ्या एका जिवाचंही नुकसान होतं. मद्रास उच्च न्यायालयाच्या न्या. आनंद वेंकटेश यांच्यासमोर २०२१ मध्ये एका समलिंगी मुलींच्या जोडप्याचा खटला आला. आपल्याला विषय पुरता कळत नाही हे त्यांनी निकालपत्रात मान्य केलं आणि स्वतः समुपदेशकाकडे जाऊन समजून घेतलं. त्याच प्रकरणाच्या ओघात राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये अशा ‘रूपांतर उपचारां’ना डॉक्टरांचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. म्हणजे डॉक्टर असं करू लागला तर त्याची वैद्यक परिषदेकडे तक्रार करता येते.

पैसा आणि टिकाव

अशी सेवा उभी करणं एक, चालू ठेवणं दुसरं. अमेरिकेत २०२२ मध्ये ९८८ ही राष्ट्रीय संकटरेषा सुरू झाली आणि त्याच वर्षी त्यात ‘३ दाबा’ हा पर्याय आला: एलजीबीटीक्यू तरुणांसाठी खास प्रशिक्षित समुपदेशक. दहा लाखांहून जास्त वेळा त्याचा वापर झाला. जून २०२५ मध्ये सरकारने महिन्याभराची नोटीस दिली आणि १७ जुलैला तो पर्याय बंद केला. ९८८ चालू आहे, ट्रेव्हर प्रोजेक्टचा स्वतःचा नंबरही चालू आहे, पण तीन दाबून आपल्या माणसाशी बोलायची सवय झालेल्या मुलांनी एक दिवस तीन दाबलं आणि पलीकडे तो पर्यायच नव्हता. सरकारी पैशाशिवाय हे काम मोठं होत नाही आणि एकाच पैशावर उभं राहिलं तर एका सहीने बंद पडतं.

मदत करायची असेल तर म्हणूनच दर महिन्याला थोडी रक्कम देणं, एकदाच मोठी देऊन विसरण्यापेक्षा बरं. आणि ती पगारासाठी दिली जाऊ द्या. देणाऱ्यांना पोस्टर, मोर्चा, संगणक यांना पैसे द्यायला आवडतं. खर्च खरा होतो तो रात्रपाळीच्या माणसांवर, त्यांच्या प्रशिक्षणावर, आणि त्या समुपदेशकांना स्वतःचं मन हलकं करायला जे अनुभवी मार्गदर्शक लागतात त्यांच्यावर. रात्री दोनला आलेला फोन उचलून घरी गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा त्या खुर्चीत बसू शकला पाहिजे. वेळ द्यायचा असेल तर प्रशिक्षण पुरं करून द्या. मराठी, तेही फक्त पुण्याचं नव्हे, समजणारी माणसं या सेवांना हवीच असतात.

तुमच्याजवळ कुणी बोललं तर

तुम्ही मामा असाल, मावशी, क्लासच्या बाई, वरच्या मजल्यावरच्या काकू. एखाद्या संध्याकाळी भाचा येऊन अडखळत काहीतरी सांगेल. ‘सांगितलंस ते बरं केलंस’ एवढं आधी म्हणा. लगेच त्याच्या आईला फोन करू नका. कोणाला सांगायचं, केव्हा, हे त्याला ठरवू द्या. ‘कध्धी कुणाला सांगणार नाही’ अशी शपथ मात्र घेऊ नका. ‘तुझ्या जिवाचा प्रश्न आला तर मी गप्प बसणार नाही, पण जे करीन ते तुला सांगून करीन’ हे खरं आहे आणि पाळता येण्यासारखं आहे. मरणाचा विचार येतो का हे सरळ विचारा. उत्तर ‘हो’ असेल तर त्याला त्या रात्री एकटं ठेवू नका आणि १४४१६ दोघांनी मिळून लावा.

आईवडील असाल आणि अजून स्वीकारता येत नसेल, तर सगळं एका दिवसात पटायला हवं असं नाही. रायन यांच्या कामातून दिसतं की नकाराची तीव्रता कमी झाली तरी मुलांचा धोका कमी असतो. टोमणे थांबवा, मारू नका, मित्रांना घरी येऊ द्या. मुंबईत २०१७ पासून ‘स्वीकार’ हा क्वीअर मुलांच्या पालकांचा गट आहे. ‘आमचंही असंच झालं होतं’ म्हणणारं दुसरं कुणी तरी तिथे भेटतं.

आणि ती रात्र निघून गेली की संपर्क सोडू नका. सॅन फ्रान्सिस्कोतले मनोविकारतज्ज्ञ जेरोम मोटो यांनी एक फार साधा प्रयोग केला होता. रुग्णालयातून घरी गेलेल्या आणि पुढचे उपचार नाकारलेल्या रुग्णांपैकी निम्म्यांना ते छोटी पत्रं पाठवत राहिले. दोन ओळी, खुशाली विचारणाऱ्या, काही न मागणाऱ्या. पहिल्या दोन वर्षांत पत्रं मिळालेल्यांमध्ये आत्महत्या कमी झाल्या.

आपल्याकडे त्या दोन ओळींची जागा ‘जेवलास का?’ घेऊ शकेल. मेसेज असा असावा की बाबांनी मागून वाचला तरी त्यात काही सापडू नये. ‘उद्या क्लास आहे का?’ पुढच्या आठवड्यात पुन्हा. दिवाळीच्या सुट्टीत, लग्नसराईत, जेव्हा नातेवाईक ‘आता तुझाच नंबर’ म्हणतात त्या दिवसांत जरा जास्त वेळा.